गोंड्याच्या डबक्यातलं रानभात

1963 साल. पावसाळा सरलाय. उत्तर प्रदेशात गोंड्याच्या बाजूला एका उथळ डबक्यात तुम्ही पोटरीभर चिखलात उभे आहात. समोर रानभात. त्याची लांब कुसळं हाताला टोचतात आणि लोंबीला नुसता धक्का लागला तरी दाणे पाण्यात झडतात. सांभाळून, पुरते पिकण्याआधीच खुडा. ओरायझा निवारा हे शास्त्रीय नाव याला 1965 मध्ये मिळेल. आज शेतकऱ्याच्या लेखी हे तण आहे. मूठभर दाणे पाकिटात घाला.

आता सहा-सात वर्षं पुढे चला, फिलिपीन्समध्ये लॉस बान्योसला. इथल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत दमट उकाडा आहे. खाचरातलं रोगट भात बघा: गुडघ्याखालीच खुंटलेलं, फुटवेच फुटवे, पानं अरुंद, पिवळट, त्यांवर तांबेऱ्यासारखे ठिपके. लोंबी धरतच नाही. चूड बाजूला सारा. बुंध्याशी तपकिरी तुडतुडे दाटलेत. ते रस शोषतात आणि ग्रासी स्टंट या रोगाचा विषाणू रोपारोपांत पसरवतात.

पलीकडे जाळीच्या पिंजऱ्यांत रोगट रोपांवर पोसलेले तुडतुडे कोवळ्या रोपांवर सोडले जाताहेत. सहा हजारांवर नमुने तपासले जातात. लागवडीच्या एकाही वाणात हवी ती ताकद सापडत नाही. आणि मग तुमच्या त्या पाकिटातली रोपं येतात. तीही सगळी नाही, मोजकीच तगतात. वाकून नीट पाहा: तुडतुडे त्यांच्यावरही बसलेत, रसही शोषताहेत, पण रोग चढत नाही. हे रोप किडीला हटवत नाही, विषाणूला हटवतं.

पंजाबचे गुरदेव खुश आणि त्यांचे सहकारी या रोपांचा संकर चांगल्या वाणांशी पुन्हापुन्हा करतात, तेव्हा कुठे रानटीपणा जातो आणि प्रतिकार उरतो. तुडतुड्यांना तोंड देण्याची ताकद दुसऱ्या, लागवडीच्या वाणांतून येते. 1976 मध्ये दोन्ही एकत्र घेऊन आयआर 36 हे भात शेतात उतरतं. 1980 च्या दशकात ते सुमारे 1 कोटी 10 लाख हेक्टरांवर डोलत होतं.

ते डबकं 1963 च्या आधी कुणी बुजवलं असतं, तर?

आता घरी या. कोकणात तळ्या-ओहोळांच्या काठी अजून देवभात, म्हणजे रानभात, उगवतं. तुमच्या गावातल्या तळ्यावर भराव पडणार असेल, तर आधी देवभाताच्या लोंब्या गोळा करा आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठात नेऊन द्या.