बर्फावरील नृत्य आणि प्रौढांची परीक्षा

परीक्षा म्हटली कीं डोळ्यांपुढें शाळकरी मूल उभें राहतें. संसाराला लागलेला माणूस आपण होऊन परीक्षेस बसेल, ही कल्पना आपल्याला थोडी चमत्कारिक वाटते. या समजुतीला आपल्याकडे एक सन्माननीय अपवाद आहे, तो गायनाच्या परीक्षांचा. प्रवेशिकेच्या वर्गांत नातवंडें झालेल्या गृहिणी आणि कचेरींतून परतलेले गृहस्थ तंबोऱ्याजवळ बसलेले पुष्कळांनीं पाहिले असतील. असाच एक अपवाद फार दूरच्या आणि थंड मुलखांत आढळतो. तो बर्फावरील नृत्याच्या परीक्षांचा होय. त्याचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

प्रथम या विद्येचें मूलतत्त्व पाहूं. बुटाच्या तळव्याला पोलादाचें एक पातें बसविलेलें असतें. पात्याच्या मधून उथळ खोबण गेलेली असल्यामुळें त्याला आंतली व बाहेरची अशा दोन कडा असतात. ज्या कडेवर शरीराचा भार पडेल त्या बाजूस मार्ग वळतो आणि बर्फावर एक कमान उमटते. या कमानी इच्छेप्रमाणें काढतां येणें, हेंच सारें कौशल्य. बाकीचें सर्व या एका गोष्टीवर उभारलेलें आहे.

या कौशल्याची परीक्षा घेण्याची प्रथा मुलांसाठीं निघाली नव्हती, हें विशेष आहे. अठराव्या शतकांत स्कॉटलंडमधील एडिंबरो येथें बर्फावर घसरणाऱ्या गृहस्थांचें एक मंडळ होतें. त्याचें सभासद होऊं इच्छिणाराला दोन्हीपैकीं कोणत्याहि पायावर पूर्ण वर्तुळ काढून दाखवावें लागे. नंतर तो आधीं एका टोपीवरून, मग दोन टोप्यांवरून, आणि शेवटीं तीन टोप्यांवरून उडी मारी. टोप्या ओलांडणारे हे उमेदवार शहरांतील प्रतिष्ठित, वयस्क लोक असत. पुढें १८७९ सालीं केंब्रिज येथें इंग्लंडची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिनें आकृति काढण्याच्या परीक्षांच्या तीन पायऱ्या ठरवून उत्तीर्ण होणाऱ्यांस बिल्ले देण्यास सुरुवात केली. या परीक्षांत उमेदवाराची तुलना दुसऱ्या उमेदवाराशीं होत नसे. एक माप अगोदर ठरलेलें असे, आणि त्या मापाला माणूस उतरतो कीं नाहीं एवढेंच पाहिलें जाई. शर्यतींत एक जिंकतो आणि बाकीचे हरतात. अशा परीक्षेंत सर्वच उत्तीर्ण होऊं शकतात.

आतां नृत्याकडे वळूं. इंग्रजांची जुनी रीति ताठ आणि गंभीर होती. तींत संगीताला फारसें स्थान नव्हतें. संगीत आलें तें व्हिएन्नाहून. जॅक्सन हेन्स नांवाचा एक अमेरिकन नर्तक १८६० नंतरच्या दशकांत तेथें गेला आणि त्यानें वॉल्ट्झच्या तालावर बर्फावर चालून लोकांस मोहून टाकलें. त्याच शहरांत १८८९ सालीं फ्रान्झ शॉलर यानें दहा पावलांचें एक नृत्य रचलें, तर १९०९ सालीं कार्ल श्राइटर यानें ‘किलियन’ हें जलद नृत्य बसविलें. इकडे १८७६ सालीं लंडनच्या चेल्सी भागांत जॉन गॅम्जी यानें यंत्रानें गोठविलेल्या बर्फाचें मैदान सुरू केलें होतें. कृत्रिम बर्फाची सोय वाढत गेली तशी हिंवाळ्याची वाट पाहण्याची गरज उरली नाहीं. दिवसभराचें काम आटोपून संध्याकाळीं बर्फावर जाणें शहरवासीयांस शक्य झालें.

१९३० नंतरच्या दशकांत या दोन प्रवाहांचा संगम लंडनला झाला. १९३३ सालीं वेस्टमिन्स्टर येथील क्लबानें नवीं नृत्यें रचणारांसाठीं स्पर्धा लावली. रेजिनल्ड विल्की व डॅफ्ने वॉलिस या जोडीनें अर्जेंटाइन टँगो, पासो डोब्ले आणि क्विकस्टेप हीं नृत्यें दिलीं. एरिक व्हॅन डेर वेडेन व ईव्हा कीट्स यांनीं व्हिएनीज वॉल्ट्झ दिला. १९३४ मध्यें इंग्लंडांत, १९३५ मध्यें कॅनडांत आणि १९३६ मध्यें अमेरिकेंत नृत्याच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. याच सुमारास ठराविक नृत्यांच्या परीक्षाहि राष्ट्रीय संस्थांनीं चालू केल्या.

या परीक्षेची घडण समजण्यासारखी आहे. प्रत्येक नृत्याचा बर्फावरील नकाशा ठरलेला असतो. कोणतें पाऊल कोणत्या कडेवर आणि किती ठोके, हें सर्व त्यांत नमूद असतें. संगीताची गतीहि निश्चित असते. आरंभींच्या पायरीवरील डच वॉल्ट्झला मिनिटास १३८ ठोके, तर ऱ्हिदम ब्लूजला ८८ ठोके. पुढें पायरीपायरीनें फॉक्सट्रॉट, किलियन असें चढत शेवटीं व्हिएनीज वॉल्ट्झ व अर्जेंटाइन टँगो यांपर्यंत जावयाचें. उमेदवाराबरोबर त्याचा शिक्षकच जोडीदार म्हणून उतरूं शकतो. गुण मात्र उमेदवाराच्याच पावलांस मिळतात. अमेरिकेच्या जुन्या रीतींत तीन परीक्षक असत आणि त्यांपैकीं दोघांची अनुकूलता पुरे होई. ताल, कडांची स्पष्टता, शरीराचा डौल आणि जोडीदाराशीं मेळ यांवर त्यांची नजर असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र परिस्थिति पालटली. १९५२ सालीं पॅरिसला या नृत्याचें जागतिक अजिंक्यपद प्रथम दिलें गेलें आणि १९७६ सालीं त्याचा ऑलिंपिकमध्यें प्रवेश झाला. मान वाढला, तशी विद्या बालवयांत सुरू करण्याची चाल पडली. परीक्षा ही भावी विजेत्यांची शिडी बनली, आणि ज्या प्रौढांनीं ती उभारली होती तेच तिच्यापाशीं परके ठरूं लागले. त्यांस पुन्हां जागा मिळण्यास बराच काळ लागला. अमेरिकेंत प्रौढांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९९५ सालीं विल्मिंग्टन येथें झाली; आंतरराष्ट्रीय संघटनेची पहिली प्रौढ स्पर्धा २००५ सालीं जर्मनींतील ओबर्स्टडॉर्फ येथें भरली. नृत्याच्या परीक्षांतहि अमेरिकेनें एकवीस वर्षांवरील व पन्नास वर्षांवरील उमेदवारांसाठीं स्वतंत्र दर्जे ठेविले आहेत, व त्यांत उत्तीर्ण होण्यास लागणारे गुण कमी असतात.

ही सवलत म्हणजे दया नव्हे काय, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचें उत्तर नियमांतच आहे. नृत्य तेंच राहतें, पावलें तींच राहतात, आणि वाद्यवृंद वयस्क माणसासाठीं सावकाश वाजत नाहीं. ताल चुकला तर तो पन्नाशींतहि चुकलेलाच धरला जातो. फक्त गुडघ्याचा लवचिकपणा, वेग, अशा ज्या गोष्टी वय काढून घेतें, त्यांची अपेक्षा थोडी आंवरलेली असते. शिवाय पडण्याची किंमत प्रौढाला अधिक द्यावी लागते. दहा वर्षांचें मूल पडतें तसें उठतें. पन्नाशीच्या माणसाचें मनगट मोडलें तर त्याला कित्येक आठवडे लेखणी धरतां येत नाहीं. हें जाणून जो बर्फावर पाऊल ठेवतो, त्याला दयेची गरज नाहीं.

या प्रौढांकडून आणखी एक कार्य नकळत घडत आहे. २०१० सालानंतर जागतिक स्पर्धांतून ठराविक नृत्यांचा स्वतंत्र विभाग काढून टाकण्यांत आला, आणि त्या नृत्यांचे कांहीं अंश तेवढे दुसऱ्या विभागांत राहिले. विल्की-वॉलिस यांचीं नृत्यें आरंभापासून शेवटपर्यंत आज कोठें जपलीं जात असतील, तर तीं मुख्यतः परीक्षांत आणि छोट्या मंडळांच्या बर्फावर. त्या जपणारांमध्यें दिवसा नोकरी करणारे आणि संध्याकाळीं बूट आवळणारे हे लोकहि आहेत.

अमेरिकेच्या परीक्षकांच्या कागदावर अपयशी उमेदवारापुढें ‘नापास’ हा शब्द लिहिण्याची चाल नाहीं. तेथें ‘पुन्हां प्रयत्न करावा’ अशा अर्थाचा शब्द असतो. शाळेच्या परीक्षेला वर्षाची आणि वयाची मर्यादा असते; या परीक्षेला ती नाहीं. उमेदवार घरीं जातो, सराव करतो, आणि कांहीं आठवड्यांनीं त्याच नृत्यासाठीं पुन्हां परीक्षकांपुढें उभा राहतो.