जेसीबी, सनमायका, सिमेंटचा पत्रा: हार्डवेअरच्या दुकानातली नावं आणि त्यामागची खरी वस्तू

"तीन सूत सळई, एक ब्रास वाळू, सनमायकाच्या दोन शीट, एक पाकीट गिट्टी आणि सिमेंटचे चार पत्रे." घराचं काम काढलं की अशी यादी घेऊन कुणीतरी दुकानात जातं. दुकानदार काही न विचारता माल काढून देतो.

पण या यादीतली सळई कारखान्यात मिलिमीटरच्या मापाने बनते, 'ब्रास'चा पितळेशी काही संबंध नाही, सनमायकात अभ्रक नसतं आणि सिमेंटच्या पत्र्यात फक्त सिमेंट नसतं. बहुतेक वेळा अशा नावांनी काही बिघडत नाही. काही वेळा मात्र पैशांचा किंवा तब्येतीचा प्रश्न उभा राहतो.

कंपनीचं नाव, तेच यंत्राचं नाव

रस्त्यावर दिसणारं पिवळं खोदयंत्र म्हणजे जेसीबी, असं आपण म्हणतो. त्या यंत्राचं खरं नाव 'बॅकहो लोडर' आहे. पुढे माती भरायची बादली, मागे खोदायचा हात आणि खाली टायर. जेसीबी ही ते बनवणारी ब्रिटिश कंपनी. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी ती १९४५ मध्ये सुरू केली आणि त्यांच्या नावाची आद्याक्षरं कंपनीला मिळाली. इतर कंपन्याही असंच यंत्र बनवतात, पण आपल्याकडे तेही जेसीबीच.

'पोकलेन'चंही तसंच. पोक्लेन ही फ्रेंच कंपनी. तिचं नाव साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या आणि जागच्या जागी गोल फिरणाऱ्या एक्स्कॅव्हेटरला चिकटलं. बातम्यांमध्ये त्याचं कधी 'पोकलँड', तर कधी 'पोकलॅन' होतं.

शेततळं खोदायला किंवा गाळ काढायला यंत्र भाड्याने घेताना हा फरक माहीत असावा. जेसीबी रस्त्याने चालत येतो, पोकलेन ट्रेलरवरून आणावं लागतं. ताशी भाडं ठरवताना वाहतुकीचा खर्च कुणाचा, हे आधीच बोलून घेतलेलं बरं.

सनमायकात 'मायका' नाही

मायका म्हणजे अभ्रक. सनमायका हे एका कंपनीच्या लॅमिनेटचं नाव, पण सुतार कोणत्याही लॅमिनेटला सनमायकाच म्हणतो. प्रत्यक्षात ही शीट कागदाचे थर राळेत भिजवून, उष्णता आणि दाब देऊन तयार होते.

मग नावात मायका कुठून आला? १९१२ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओ'कॉनर यांनी विजेच्या उपकरणांसाठी नवं रोधक साहित्य शोधलं. तोवर त्या कामाला अभ्रक वापरत. अभ्रकाच्या जागी, म्हणजे इंग्रजीत 'फॉर मायका', म्हणून त्याचं नाव फॉर्मायका पडलं. पुढे अशाच शीट फर्निचरवर बसू लागल्या.

एक शब्द, दोन वस्तू

विदर्भात 'गिट्टी' म्हणजे बांधकामाची खडी. मुंबई-पुण्यातल्या इलेक्ट्रिशियनसाठी गिट्टी म्हणजे स्क्रू घट्ट बसावा म्हणून भिंतीतल्या भोकात घालायचा प्लास्टिकचा प्लग.

'टिनाचं छप्पर' हेही फसवं नाव आहे. त्या पत्र्यात टिन, म्हणजे कथील नसतं. तो पोलादी पत्रा असतो आणि गंजू नये म्हणून त्यावर जस्ताचा थर दिलेला असतो.

मंगलोरी कौल मात्र मूळचं मंगळूरचंच. १८६५ मध्ये तिथे बासेल मिशनने कौलांचा कारखाना सुरू केला. आता कौल केरळातून आलं तरी कोकणात ते 'मंगलोरी'च राहतं.

सूत आणि ब्रास: बिल तपासताना उपयोगी हिशेब

एका इंचाचे आठ सूत होतात. म्हणजे एक सूत साधारण ३.१७ मिलिमीटर. कारखाने सळई मिलिमीटरमध्ये बनवतात, मिस्त्री सुतात मागतो. त्यामुळे जवळचं माप धरलं जातं:

- दोन सूत: ६ मिमी
- अडीच सूत: ८ मिमी
- तीन सूत: १० मिमी
- चार सूत: १२ मिमी
- पाच सूत: १६ मिमी
- सहा सूत: २० मिमी

सळई वजनावर विकली जाते, त्यामुळे तपासणीही सोपी आहे. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागलं की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिमीची १२ मीटर लांब सळई साधारण १०.७ किलो भरायला हवी. वजन फारच कमी आलं, तर सळई बारीक आहे. बिलावर मापही मिलिमीटरमध्येच लिहून घ्यावं.

'ब्रास' हे मापाचं नाव. वाळू, खडी, मुरूम यांसाठी एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. प्लास्टर किंवा फरशीच्या कामात मात्र एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. गाडीत किती ब्रास आलं, हे लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून, गुणाकाराला १०० ने भागून काढता येतं.

सिमेंटचा पत्रा: नाव जे सांगत नाही

गोठा, पत्र्याची खोली, कारखान्याची शेड. राखाडी, नागमोडी 'सिमेंटचा पत्रा' सगळीकडे दिसतो. पारंपरिक सिमेंट पत्र्यात बळकटीसाठी ॲस्बेस्टॉसचे तंतू घातलेले असतात आणि नावात त्याचा उल्लेखही नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सर्व प्रकारचं ॲस्बेस्टॉस माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. अनेक देशांत त्यावर बंदी आहे. भारतात असे पत्रे अजूनही विकले जातात.

धड असलेल्या पत्र्याखाली बसल्याने लगेच धोका होतो, असं नाही. पत्रा कापताना, भोक पाडताना किंवा फुटल्यावर जी धूळ उडते, तीत डोळ्यांना न दिसणारे तंतू असतात. ते श्वासातून फुप्फुसात गेले, तर आजार अनेक वर्षांनी समोर येतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अडवत नाही.

म्हणून अशा पत्र्यावर ग्राइंडर चालवू नये. भोक पाडावंच लागलं तर पत्रा ओला करून, हाताच्या अवजाराने पाडावं. सांडलेली धूळ झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. फुटके तुकडे चुलीच्या आडोशाला किंवा अंगणात भर म्हणून वापरू नयेत.

नवा पत्रा घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: "यात ॲस्बेस्टॉस आहे का?" ॲस्बेस्टॉसविरहित सिमेंट पत्रेही बाजारात मिळतात, पण नुसतं 'सिमेंटचे पत्रे द्या' म्हटलं तर कोणते मिळतील, याची खात्री नसते.