सनद, तह आणि अर्थाचा अधिकार : नागपूरकर भोसले, कंपनी आणि छत्तीसगड

रायपूर शहरात समता कॉलोनी नावाची एक निवासी वस्ती आहे. ‘कॉलनी’ या शब्दाला मराठीत रूढ असलेला ‘वसाहत’ हा प्रतिशब्द घरांच्या वस्तीचा आणि साम्राज्याच्या अंकित प्रदेशाचा असे दोन्ही अर्थ सांभाळतो. ‘समता’ आणि ‘वसाहत’ या दोन संकल्पनांचा संबंध मात्र इतिहासात सरळ राहिलेला नाही. युरोपीय सत्तांनी परभूमीवर हक्क सांगताना तहाचे साधन वारंवार वापरले, आणि तह हा मुळात दोन समकक्ष पक्षांमधील लेख मानला जातो. ही समकक्षता कागदावरून कशी पुसली गेली, हे पाहण्यासाठी रायपूरचाच इतिहास पुरेसा बोलका आहे.

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला ३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथकडून व्यापाराचा अधिकारलेख मिळाला. डच कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली. पुढे १६६१ च्या लेखाने इंग्रज कंपनीला ख्रिस्तेतर राजांशी युद्ध व तह करण्याची मुभा दिली. या अधिकारलेखाला मराठीत ‘सनद’ म्हटले गेले, ही बाब लक्षणीय आहे. कारण नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेचा औपचारिक आधारही वरिष्ठ सत्तेच्या मान्यतेचाच होता. रघूजी भोसले (पहिले) यांचे ‘सेनासाहेब सुभा’ हे पद सातारच्या छत्रपती शाहूंकडून आलेले होते. त्यांचे सेनानी भास्करपंत यांनी १७४१ मध्ये रतनपूरवर स्वारी केली आणि १७५८ पासून १७८७ पर्यंत रघूजींचे पुत्र बिंबाजी यांनी तेथून छत्तीसगडचा कारभार पाहिला. ही सत्ताही विजयावर उभी होती, आणि हैहय घराण्याच्या दृष्टीने भोसले हेच परके होते. तथापि दोन सनदांत एक मूलभूत भेद होता. भोसल्यांची सनद ज्या राजमंडळातून आली, त्याचे संकेत, विधी आणि भाषा येथील राज्यकर्त्यांना परिचित होती. कंपनीची सनद समुद्रापलीकडे लिहिली गेली आणि ज्यांच्यावर तिचा परिणाम व्हायचा, त्यांना तिच्यात स्थानच नव्हते.

या दोन परंपरांची गाठ १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावच्या तहात पडली. असई, अडगाव आणि गाविलगड येथील पराभवांनंतर रघूजी (दुसरे) यांनी बालासोरसह कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला. परस्परांच्या दरबारी वकील ठेवण्याची तरतूद दोन्ही पक्षांना सारखीच लागू होती. शब्दरचनेत समता होती. परंतु त्याच तहात, भोसल्यांच्या मांडलिकांशी कंपनीने केलेले करार भोसल्यांनी मान्य करावेत आणि त्या मांडलिकांची यादी तह कायम होताना द्यावी, असे कलम होते. म्हणजे यादी न पाहताच रघूजींनी तिला संमती दिली. संबळपूर व पाटणा ही छत्तीसगडलगतची संस्थाने याच कलमाखाली वादात सापडली आणि १८०६ मध्ये भोसल्यांना परत मिळाली. ती परत मिळाली, हेही कंपनीच्या धोरणातील बदलामुळे. कलमाच्या न्याय्य अर्थामुळे नव्हे.

१८१६ मध्ये आप्पासाहेबांनी तैनाती फौजेचा तह स्वीकारला. नोव्हेंबर १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईनंतर चित्र पालटले. १८१८ मध्ये अल्पवयीन रघूजी (तिसरे) यांना गादीवर बसवून रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांनी कारभार हाती घेतला. छत्तीसगडचे अधीक्षक अ‍ॅग्न्यू यांच्या काळात मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आले. रायपूरचे आधुनिक प्रशासकीय महत्त्व असे पालकत्वाच्या राजवटीत सुरू झाले. १८२६ च्या तहाने नागपूरचा सातारच्या गादीशी उरलेला संबंधही तोडला. एका सनदेचा दुवा अशा रीतीने नाहीसा झाला, दुसरीचा कायम राहिला. १८३० मध्ये छत्तीसगड भोसल्यांकडे परत आले.

११ डिसेंबर १८५३ रोजी रघूजी (तिसरे) निपुत्रिक वारले. राणीवशाने नात्यातील यशवंतराव यांना दत्तक घेऊन त्यांचे नाव जानोजी ठेवले. पश्चिम भारतातील धर्मशास्त्रीय परंपरेत विधवेने घेतलेला असा दत्तक अपरिचित नव्हता. लॉर्ड डलहौसी यांनी मात्र १८१८ मध्ये नागपूर जिंकले गेले होते आणि रघूजींना ते कंपनीकडून देणगीदाखल मिळाले होते, असा युक्तिवाद केला. वारस नसल्याने देणगी दात्याकडे परत येते, हा त्याचा निष्कर्ष. कौन्सिलमधील कर्नल लो यांनी विरोध नोंदवला. तरीही १८५४ मध्ये राज्य खालसा झाले आणि त्याबरोबर रायपूरही गेले. देवगावला जो पक्षकार होता, तो पन्नास वर्षांत देणगीदार ठरवला गेला. तहांतील शब्द जिथल्या तिथे होते. त्यांचा अर्थ लावण्याचा अधिकार मात्र एकाच पक्षाकडे उरला होता.

तौलनिक दृष्टीने आफ्रिकेतील उदाहरण उद्‌बोधक ठरते. जर्मन वसाहतीकरण संस्थेचे कार्ल पेटर्स यांनी १८८४ च्या अखेरीस पूर्व आफ्रिकेतील स्थानिक प्रमुखांकडून करार मिळवले. बर्लिन परिषद संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २७ फेब्रुवारी १८८५ रोजी, सम्राटाचे संरक्षणपत्र निघाले. हिंदुस्थानात सनद आधी आणि तह नंतर असा क्रम होता. तेथे करार आधी आणि सनद नंतर. क्रम बदलला, तरी करारावर निशाणी करणाऱ्या प्रमुखाला त्याचा अर्थ ठरवण्याचा अधिकार दोन्हीकडे मिळाला नाही.

१८५८ मध्ये कंपनीची सत्ता संपली आणि राणीच्या जाहीरनाम्याने कंपनीचे तह पाळण्याचे वचन दिले. पुढे संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा देण्यात आल्या. जानोजींना ‘राजाबहादूर’ हा किताब आणि सातारा जिल्ह्यातील देऊरची जहागीर मिळाली. नागपूर मिळाले नाही. तह दोघांचा असतो, सनद एकाने दुसऱ्यास द्यायची असते. वारसा चालवण्याचा जो हक्क १८५४ मध्ये नाकारला गेला, तोच नंतर कृपा म्हणून वाटला गेला. तहाकडून सनदेकडे झालेला हा प्रवास मराठी राजकीय शब्दसंग्रहात स्पष्ट उमटला आहे. वसाहतवादाच्या अभ्यासात तहांतील कलमांइतकेच त्या कलमांच्या वाचनाच्या इतिहासाकडेही लक्ष देणे म्हणूनच आवश्यक ठरते.