पुण्याचा फड आणि छापखान्याचा खिळा

विद्येचे माहेरघर म्हणून पुण्याची जी ख्याती आज सर्वतोमुखी आहे, ती फार तर दोनशे वर्षांतली. त्यापूर्वी, शनिवारवाड्यावर जरीपटका फडकत होता त्या काळी, हे शहर मुख्यतः लिहिणाऱ्यांचे होते. फौजा उत्तरेस गेल्या, दक्षिणेस उतरल्या, तह झाले, खंडण्या ठरल्या, सरंजाम दिले गेले आणि जप्तही झाले. परंतु या साऱ्या घडामोडींना राज्याच्या दृष्टीने अस्तित्व येई ते पुण्याच्या फडावर बसलेल्या कुणा कारकुनाने त्यांची नोंद केल्यानंतरच. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात दोनशेच्या आसपास कारकून कामाला होते. चालते दफ्तर हे फडणिसांच्या देखरेखीखाली असून फड, बेहेडा आणि सरंजाम अशा त्याच्या शाखा होत्या, आणि एकबेरीज दफ्तरात सर्व मुलखाच्या हिशेबांचे वर्गीकरण होऊन वर्षाचे ताळेबंद सिद्ध होत असत. या व्यवस्थेला नाना फडणिसांनी जी शिस्त लावली ती त्यांच्या पश्चात दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत ढिली पडली, आणि राज्य बुडण्याच्या आधी त्याचे दफ्तर विस्कळीत झाले होते, ही गोष्ट मराठ्यांच्या राज्यकारभाराचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

या फडाची लिपी मोडी होती. कागद मांडीवर किंवा उतरत्या मेजावर घेऊन कारकून प्रथम या कडेपासून त्या कडेपर्यंत आडव्या रेघा ओढी, आणि मग बोरू शाईत बुडवून त्या रेघांखाली अक्षरे लटकवीत, शक्य तितका हात न उचलता, ओळ पुरी करी. ऱ्हस्व-दीर्घाचा विचार नाही, शब्दाशब्दांत अंतर नाही. वेग हाच या लेखनाचा प्राण. ओली शाई टिपण्यासाठी वर बारीक वाळू टाकीत, आणि जुन्या रुमालातला कागद उलगडताना तिचे कण अजून बोटांना लागतात. मजकूर संपला की त्याच्या शेवटास 'लेखनसीमा' असा शिक्का उठे, तो एवढ्याचसाठी की त्यापुढे परभारे कुणी एक अक्षरही वाढवू नये. कागद एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ज्याने तो पाहिला त्याने आपली खूण त्यावर करावी, ज्याने तो दाखल करून घेतला त्याने तसा शेरा मारावा, असा परिपाठ होता. त्यामुळे एखाद्या सनदेकडे पाहून जाणता मनुष्य सांगू शके की ही अमक्याच्या वळणाची, हा शेरा तमक्याचा, आणि ही तारीख खुद्द फडणिसांच्या हातची.

ही व्यवस्था वर्णन करताना ती कालबाह्य कारकुनी म्हणून बाजूला सारण्याचा मोह होतो. परंतु तिच्या तळाशी एक नैतिक कल्पना होती, आणि माझ्या मते या सबंध विषयात तीच सर्वांत मोलाची आहे. लिहिणारा आपल्या अक्षराने ओळखला जाई, म्हणून तो आपल्या अक्षराला बांधलेला असे. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेच्या निरूपणास दिला आहे. मोक्षाची चर्चा करणाऱ्या ग्रंथात अक्षर कसे घोटावे, कागद कसा राखावा, यांना स्थान मिळते, कारण नेटके लिहिणे हा त्या काळी आचरणाचाच भाग होता. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्याविषयी जी आख्यायिका सांगतात ती सर्वश्रुत आहे: महाराजांनी सांगितलेले पत्र लिहून ठेवण्यास सवड न मिळाल्यामुळे त्यांनी कोरा कागद हाती धरून सबंध पत्र बिनचूक वाचून दाखविले. ती खरी असो वा नसो, लिहिणाऱ्याची स्मृती, त्याचा धन्यावरचा भाव आणि त्याचा हात या तीन गोष्टी त्या समाजाला वेगळ्या वाटत नव्हत्या, हे तीवरून दिसते.

या चित्राची दुसरी बाजू न सांगणे हा अप्रामाणिकपणा होईल. जी लिपी फडावरच्या दोनशेंना वेगाने लिहिता येत होती ती गावच्या हजारोंना मुळीच वाचता येत नव्हती. कुळकर्ण्याने वहीत काय लिहिले, सावकाराच्या खतात व्याजाचा दर कोणता, आणि अंगठा कशावर उठविला, हे ज्या शेतकऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता त्याच्या दृष्टीने कारकुनाचे सुरेख वळण म्हणजे बंद कुलूप होते. याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींसाठी शाळा काढली, आणि १८८३ मध्ये पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात भट-कुळकर्ण्यांच्या लेखणीने शेतकरी कसा नागविला जातो याचे जे वर्णन त्यांनी केले, ते वाचल्यावर जुन्या फडाची तारीफ करणाऱ्याने क्षणभर थांबलेच पाहिजे. अक्षराची जबाबदारी ही वरच्या अधिकाऱ्यापुढे होती. ज्याच्या नावाने ते लिहिले जाई त्याच्यापुढे ती क्वचितच होती. म्हणून बाळबोध अक्षरात छापलेले, कुणालाही सहा महिन्यांत शिकता येणारे, प्रत्येक प्रतीत तेच आणि तसेच दिसणारे पुस्तक जेव्हा या समाजात आले, तेव्हा ते कित्येकांच्या घरी मुक्तिदूत होऊन आले, यात संशय नाही.

छापण्याची कल्पना पुण्यात पोहोचली ती इंग्रजी राज्याच्याही आधी. पेशव्यांच्या दरबारी असलेला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या सूचनेवरून नाना फडणिसांनी एका तांबटाकडून भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेण्यास आरंभ केला होता. नाना १८०० मध्ये वारले. तो कारागीर मिरजेस गेला, आणि गंगाधरराव गोविंद पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये ती गीता छापून झाली. ज्याच्या हाताखाली मराठी राज्याचे सर्वांत मोठे हस्तलिखित दफ्तर नांदले त्यानेच हा प्रयोग आरंभावा, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. नानांना त्या दोन गोष्टींत विरोध दिसला नसावा. तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी तर मोडीचेही खिळे पाडले, आणि विल्यम कॅरेचा मराठी कोश १८१० मध्ये मोडी अक्षरांतच छापला गेला. पुढे शिळाप्रेस आला. त्यात हाताने लिहिलेला मजकूर जसाच्या तसा दगडावर उतरवून छापता येतो; तेव्हा लपेटीचे, एकमेकांत गुंतलेले अक्षरही त्याला वर्ज्य नव्हते, आणि शाळांतली मोडी वाचनाची पुस्तके अशीच छापली जात.

म्हणजे यंत्र आले म्हणून मोडी गेली, हे आपण नेहमी ऐकत असलेले कारण पुरते खरे नाही. फारसी वळणाच्या नस्तालिक लिपीपुढे हीच अडचण होती, किंबहुना अधिक बिकट होती. तरीही उर्दू वाचकांनी आपले अक्षर सोडले नाही. त्यांनी कातिबाला शिळाप्रेसच्या शेजारी बसविले, वृत्तपत्रेच्या वृत्तपत्रे हाताने लिहवून घेतली, आणि १९८० च्या सुमारास संगणकाला नस्तालिक लिहिता येऊ लागेपर्यंत, जवळजवळ दीड शतक, हा खटाटोप चालविला. मराठीत तसे झाले नाही, कारण आपल्याजवळ बाळबोध ही दुसरी लिपी तयार होती, तिला पोथ्यांची प्रतिष्ठा होती, आणि सुटी सुटी अक्षरे शिशाच्या खिळ्याला मानवणारी होती. निवड करणारे आपण होतो. त्या निवडीचे समर्थन मात्र आपण यंत्रावर टाकले.

पुण्यात या निवडीचे मूर्त स्वरूप पाहावयाचे तर मोरोबादादांच्या वाड्याकडे पाहावे. मोरोबादादा फडणीस हे नानांचे चुलतभाऊ. त्यांच्याच वाड्यात, विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर आणि नामजोशी यांनी विकत घेतलेला छापखाना येऊन 'आर्यभूषण' या नावाने उभा राहिला, आणि त्याच्या खिळ्यांच्या पेट्या या तरुणांनी आपल्या खांद्यांवरून वाहून आणल्या, असे चरित्रकार सांगतात. १८८१ च्या जानेवारीच्या आरंभी 'मराठा' व 'केसरी' तेथून निघू लागले. फडणिसांच्या घरात आता बोरूच्या जागी खिळा आला, आणि कारकुनाच्या जागी जुळारी. त्याच्यापुढे शेकडो घरांची पेटी. मजकूर दुसऱ्याचा, अक्षर ओतणाऱ्याचे, आणि त्याच्या हाताचे कौशल्य एवढेच की वाचकाला त्या हाताची आठवणही होऊ नये. कारकुनाला आपल्या वळणाचा अभिमान बाळगता येई. जुळाऱ्याची कीर्ती त्याच्या चुका न सापडण्यात. रात्रीच्या दिव्याखाली उलट्या अक्षरांत वाचून डोळे झिजविणाऱ्या या वर्गाविषयी आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांत फार थोडे लिहिले गेले आहे, आणि मराठी गद्याचा जो वैभवकाळ आपण मानतो तो त्यांच्या बोटांवर उभा होता, हे ध्यानात घेता ही उपेक्षा मला बोचते.

नव्या व्यवस्थेत शब्दाला बांधलेला कोण, या प्रश्नाचे उत्तर दीड वर्षातच कोर्टात द्यावे लागले. कोल्हापूरच्या छत्रपतींना होणाऱ्या छळाविषयी केसरी व मराठा यांनी जे लिहिले त्याच्या पुराव्यादाखल कारभारी माधवराव बर्वे यांची म्हणून काही पत्रे पुढे आली. ती बनावट ठरली, बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली, आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली, पैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. त्या दोघांच्या धैर्याची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. पण तिच्यात एक निराळी गोष्ट दडलेली आहे. बनावट पत्र हे हस्ताक्षर असते तोवर ते ओळखण्याचा काही उपाय असतो. वळण जुळते की नाही, कागद त्या सालचा आहे की नाही, शिक्का जागेवर आहे की नाही, हे पारखता येते, आणि इनाम कमिशनने १८५२ च्या अकराव्या कायद्याखाली लोकांच्या सनदा तपासल्या तेव्हा पेशव्यांचे दफ्तर हाच मुख्य ताडा होता. तोच मजकूर एकदा खिळ्यांत जुळला, की खरे आणि खोटे एकाच साच्याच्या अक्षरांत, सारख्याच गंभीर मुद्रेने वाचकापुढे उभे राहते. हाताची साक्ष गेली, म्हणून तिच्या जागी संपादकाचे नाव आणि त्याची शिक्षा सोसण्याची तयारी ही नवी साक्ष आली. पुण्याच्या पत्रकारितेला पुढे जे तेज चढले त्याचे मूळ मला या देवघेवीत दिसते.

मोडीचा अस्त यानंतर सावकाश झाला. मुंबई सरकारने १९१७ मध्ये कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध स्वीकारण्याचे ठरविले. तरीही गावकामगारांच्या वह्यांत, पेढ्यांच्या कीर्द-खतावण्यांत आणि आजोबांच्या पत्रांत ती आणखी तीसचाळीस वर्षे टिकली. १९५० च्या कायद्याने परगणे व कुळकर्णी वतने नष्ट झाली, कचेऱ्यांत टंकलेखनयंत्र रुळले, शाळांतून मोडीचा तास गेला. यांतली वतने नष्ट होणे न्याय्यच होते. मोडीचा तास बंद होणे मात्र निव्वळ अविचार होता, कारण वही कुळकर्ण्याच्या हातून काढून घेणे आणि ती कुणालाच वाचता येऊ नये अशी व्यवस्था करणे, यांत महदंतर आहे.

तोवर कागदांची दैना आधीच सुरू झाली होती. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून दफ्तरे गोळा करीत हिंडले ते काय म्हणून? घरोघर रुमाल वाळवीच्या आणि वाण्याच्या हवाली होत होते म्हणून. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये काढला. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये स्थापन झाले. आणि गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या अवधीत पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. हे खंड अर्थातच बाळबोधात छापलेले आहेत. ज्या खिळ्याने फडावरचे अक्षर हटविले त्यानेच त्याचा मजकूर घरोघर पोहोचविला, आणि या उपकाराची नोंद तितक्याच ठळकपणे केली पाहिजे. पण एक चमत्कारिक वैषम्य तेथेही आढळते. जुन्नरच्या किंवा पुण्यातल्या कागदीपुऱ्याच्या कागद्यांनी चिंध्या व ताग कुटून हाताने केलेला कागद अडीचशे वर्षांनंतर लवचीक असतो. गिरणीच्या कागदावर शंभर वर्षांपूर्वी छापलेली पुस्तके आणि वर्तमानपत्रे पान उलटताच कडेने तुटतात.

पेशवे दफ्तरातल्या कोट्यवधी कागदांपैकी छापून निघालेला भाग अत्यल्प आहे. बाकीचे आजही मोडीतच आहेत, आणि ते वाचण्याची गरज किती तातडीची असू शकते हे २०२३ मध्ये सर्वांना कळून चुकले. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांच्या अभिलेखागारांत मोडी जाणणाऱ्यांचा शोध सुरू झाला, आणि ज्या विद्येला कुणी विचारीत नव्हते तिच्या मोजक्या धारकांना तालुक्यातालुक्यांतून बोलावणी आली. लाखो कुटुंबांचा हक्क कुणा विस्मृत गावकामगाराच्या अक्षरावर येऊन ठेपला होता. त्या अक्षराला २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत संगणकासाठी स्थान मिळाले असून छायाचित्रावरून मोडी आपोआप वाचणारी यंत्रे घडविण्याचे प्रयत्न चालू आहेत. पण अशा यंत्राला शिकवावयाचे तर आधी जाणत्या माणसांनी पाने वाचून, प्रत्येक ओळीचे बाळबोध करून त्याच्यापुढे ठेवावी लागतात, आणि चिटणिशी वळण, घाईचे वळण, इंग्रजी अमलातले टाकाने लिहिलेले वळण यांचे नमुने निरनिराळे द्यावे लागतात. हे काम करू शकणारी माणसे तयार व्हावीत म्हणून भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था मोडीचे वर्ग चालवितात. ती लिपी शिकण्यास बोरू लागत नाही, पदवी लागत नाही. मुळाक्षरे थोड्या आठवड्यांत हाती येतात, आणि अनोळखी हाताचा कागद न अडखळता वाचण्यास काही वर्षे लागतात.