नामाधिकार आणि वाटूरचा पत्ता

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातील काही तालुक्यांबरोबर परभणी जिल्ह्यातील परतूर तालुकाही त्यात समाविष्ट झाला. परतूर तालुक्यातील वाटूर गाव जागचे हलले नाही, त्याचे नावही पालटले नाही. पालटले ते नावावरचे नाव. तथापि 'जिल्हा परभणी' असे लिहिलेले पत्र टपालखात्यातील एखादा जाणता माणूस वाटूरला पोहोचवू शके. इंटरनेटच्या नामव्यवस्थेत असा जाणता माणूस नाही. युगोस्लाव्हिया हे राष्ट्र लयास गेल्यानंतर त्याचे 'वाययू' हे शीर्षनाम, म्हणजे पत्त्याचा अखेरचा घटक, २०१० मध्ये मूळ यादीतून काढण्यात आले आणि त्याखालील उरलेसुरले सर्व पत्ते निकामी झाले.

आरंभी ही व्यवस्था श्रेणीबद्ध नव्हती. संगणकांच्या नावांची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई व इतरांनी तिची नक्कल उतरून घ्यावी असा प्रघात होता. यादी फुगत गेली, तेव्हा पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये अधिकार वाटून देण्याची योजना मांडली. वरच्याने खालच्याकडे त्याच्या शाखेचा कारभार सोपवावा, हे तिचे तत्त्व होय; जिल्हा-तालुका-गाव या रचनेशी तिचे साम्य उघड आहे. भारताचे 'इन' हे शीर्षनाम १९८९ मध्ये नोंदले गेले व त्याचा कारभार पुढे कित्येक वर्षे मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होता. शाखा अशा वाटल्या गेल्या. मूळ मात्र वाटले गेले नाही.

या एकाधिकारास आव्हाने मिळाली. स्वतंत्र शीर्षनामे चालवू पाहणाऱ्या युजीन काशपुरेफ यांनी १९९७ च्या जुलैत अधिकृत नोंदणीस्थळाकडे जाणारी वाहतूकच आपल्याकडे वळवली. जानेवारी १९९८ मध्ये जॉन पोस्टेल यांच्या सूचनेवरून मूळ सर्व्हरांपैकी आठ त्यांच्या संगणकाकडे पाहू लागले. अमेरिकी शासनाच्या आक्षेपानंतर तो प्रयोग थांबला आणि त्याच वर्षी 'आयकॅन' ही संस्था स्थापन झाली. २०११ मध्ये 'नेमकॉइन'ने मध्यवर्ती अधिकाऱ्याविना चालणारी नोंदवही निर्माण केली. तिच्यातील 'बिट' नावे सामान्य संगणकास ठाऊकच नसत. हाक मारता येते पण कोणी ओ देत नाही, अशी त्या नावांची गत झाली.

विस्तार झाला तो अधिकृत यादीतच. २०१२ च्या फेरीत प्रत्येक अर्जास १,८५,००० डॉलर शुल्क असूनही १,९३० अर्ज आले. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील 'भारत' हे शीर्षनाम वापरासाठी खुले झाले आणि मराठीत संपूर्ण पत्ता लिहिणे शक्य झाले. म्हणजे जे बंडखोरांना साधले नाही, ते मराठीस मध्यवर्ती यादीच्या संमतीने लाभले. ही संमती शुद्धलेखनासही स्पर्श करते, हे भाषाभ्यासकांनी ध्यानात घ्यावे. 'वाटूर' आणि 'वाटुर' ही यंत्राच्या लेखी दोन भिन्न नावे होत. मराठी नियमाने यांतील एकच शुद्ध, पण यंत्रास तो नियम ठाऊक नाही. शिवाय 'भारत' हा शब्दही मूळ यादीत देवनागरीत नांदत नाही. तेथे तो 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' अशा रोमन वर्णांच्या व अंकांच्या मालिकेत नोंदलेला आहे. या यादीवरील अमेरिकी शासनाची कंत्राटी देखरेख १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपली. यादी मात्र एकच राहिली.