शहराचा विकास आराखडा: तुमचा सर्व्हे नंबर पिवळ्यात की हिरव्यात?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात एक सरकारी सूचना येते. 'प्रारूप आराखडा प्रसिद्ध करण्यात येत असून हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत', एवढाच मजकूर. बहुतेक लोक पान उलटतात. चार-पाच वर्षांनी शेताच्या बांधावर रस्त्याची आखणी करणारी माणसं उभी राहतात, तेव्हा धावपळ सुरू होते. आपली शेतजमीन सीमाभागात आणि पोटापाण्यासाठी राहणं पुण्यात किंवा कोल्हापुरात, अशी घरं तर खूप आहेत. सूचना छापली जाते ती जमीन जिथे आहे तिथल्या पेपरात. ती त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

पहिला घोळ असतो तो आराखडा करतं कोण, याचा. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत नगर नियोजन आणि जमीन वापराचं नियमन हे विषय शहरी स्वराज्य संस्थांसाठी पहिल्याच ओळींत घातले. कागदावर. महाराष्ट्रात महापालिका किंवा नगरपालिका स्वतःच नियोजन प्राधिकरण असते, म्हणून तिथे नगरसेवकाला जाब विचारता येतो. बेळगावात मात्र हे काम बुडाचं, म्हणजे नगरविकास प्राधिकरणाचं. वडोदऱ्यात वुडा, इंदूरच्या विकास योजनेसाठी राज्याचं नगर तथा ग्राम निवेश संचालनालय, गोव्यात नगर नियोजन खातं आणि पीडीए. बेळगावचा माणूस महापालिकेत चकरा मारतो आणि फाईल असते दुसऱ्याच इमारतीत.

कामाचा क्रम साधारण सगळीकडे सारखा. आधी हद्द जाहीर होते. मग आज कुठल्या जमिनीवर काय आहे याची पाहणी होऊन 'सध्याचा जमीन वापर' दाखवणारा नकाशा तयार होतो. पुढच्या वीसेक वर्षांत लोकसंख्या किती वाढेल याचा अंदाज बांधून घरं, बाजार, शाळा, रस्ते यांना किती जमीन लागेल हे ठरवतात, आणि त्याप्रमाणे नवा नकाशा रंगवला जातो. बहुतेक नकाशांत पिवळा म्हणजे राहण्यासाठी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, लाल सार्वजनिक वापर, हिरवा शेती किंवा बाग.

सध्याच्या वापराचा नकाशा कुणी पाहत नाही, आणि खरी गोम तिथेच असते. तुमची विहीर, गोठा, ऊस किंवा भाताचं बारमाही रान त्यात 'मोकळी जमीन' म्हणून पडलं असेल, तर पुढचा रंग त्याच चुकीवर चढतो.

दुसरा घोळ रंगाच्या अर्थाचा. 'आमची जमीन पिवळ्यात आली, म्हणजे एनए झाली' असं एजंट सांगतात, ते खोटं आहे. पिवळा रंग म्हणजे तिथे घर बांधायला नियोजनाची आडकाठी नाही, इतकंच. ले-आऊटची मंजुरी वेगळी. उलट, हिरव्या पट्ट्यातले गुंठे बाँडवर विकत घेणाऱ्याला रंगाची चौकशी करावीशीच वाटत नाही, कारण भाव स्वस्त असतो. आणि आरक्षण हे तिसरंच प्रकरण: त्यात वापर बदलतच नाही फक्त, तर ती जमीन सार्वजनिक कामासाठी घेतली जाणार असते.

आरक्षण पडलं आणि वर्षानुवर्षं जमीन घेतलीच नाही, तर? महाराष्ट्रात 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 127 नुसार आराखडा लागू होऊन 10 वर्षं झाल्यावर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. कर्नाटकच्या 1961 च्या कायद्यात कलम 69 खाली ही मुदत 5 वर्षांची आहे. गुजरातेत टीपी स्कीमची रीत निराळी: सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, बागा, सोयी काढायच्या आणि उरलेली जमीन आकारात आणून मूळ मालकांना परत द्यायची. 40 टक्क्यांपर्यंत कपात होते, पण माणूस जागेवरून उठत नाही. आमच्या मते सीमाभागात यावर फार कमी बोललं जातं.

आता मुदतीचं. हरकतींसाठी महाराष्ट्रात 30 दिवस, मध्य प्रदेशातही 30, गुजरातेत विकास आराखड्यासाठी 2 महिने, कर्नाटकात मास्टर प्लॅनसाठी 60 दिवस. कर्नाटकात मुदत मोठी असली तरी एक मेख आहे. तिथे आराखडा आधी सरकारकडून जाऊन येतो आणि मग लोकांसमोर ठेवला जातो. महाराष्ट्रात आधी लोकांच्या हरकती ऐकायच्या, मग सरकारकडे पाठवायचं. त्यामुळे बेळगावात हरकत मोघम असून चालत नाही.

लोकांनी रेटलं तर काय होतं, याचं उदाहरण गोव्यात आहे. प्रादेशिक आराखडा 2011 विरुद्ध इतकं आंदोलन पेटलं की 2007 च्या सुरुवातीला सरकारला तो मागे घ्यावा लागला. पण पुढे झोन बदलाची वाट कायद्यातल्या दुरुस्त्यांतून निघाली. कलम 17(2) खालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं मार्च 2025 मध्ये रद्द ठरवले. त्याआधीच 2024 मध्ये कलम 39 अ आलं होतं. आराखडा मंजूर झाला म्हणजे प्रश्न मिटला, असं नसतं. कर्नाटकातही कलम 14 अ खाली एकेका जमिनीचा वापर बदलता येतो, आणि त्याच्या जाहिरातीनंतर हरकतीला किमान 15 दिवस, बस्स.

हलगा-मच्छे बायपाससारखा राष्ट्रीय महामार्ग मात्र या सगळ्याच्या बाहेर. तिथे 1956 चा राष्ट्रीय महामार्ग कायदा लागतो, हरकत 21 दिवसांत, तीही त्या कायद्याखालच्या सक्षम अधिकाऱ्याकडे. बुडाकडे अर्ज देऊन उपयोग नाही.

हरकत लिहिताना 'आमच्यावर अन्याय झाला' एवढं पुरत नाही. गाव, सर्व्हे नंबर, पोटहिस्सा, उताऱ्याची प्रत, आज जमिनीवर काय उभं आहे त्याचे फोटो आणि नकाशाच्या कुठल्या पत्रकात चूक आहे, हे लिहा. रस्ता नको म्हणत असाल तर तो कुठून जाऊ शकतो, तेही सांगा. कर्नाटकात अधिसूचना कन्नडमध्ये येते. वाचता येत नसेल तर तलाठ्याकडून किंवा गावातल्या वाचणाऱ्या पोराकडून सर्व्हे नंबर तपासून घ्या, अंदाजावर राहू नका. सगळ्या गावाचा एकच अर्ज दिला तरी प्रत्येक खातेदारानं स्वतःचा वेगळा अर्ज द्यावा, आणि वारसाची नोंद राहिली असेल तर ती आधी करून घ्यावी. पोचपावतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.