तार नाही, खांब नाही, तरी गुरं हद्दीत! व्हर्च्युअल फेन्सिंग म्हणजे नेमकं काय?

गुरं माळावर सोडली की मागं माणूस लागतोच. आणि आता गुराखी म्हणून येतो कोण? परदेशात यावर एक उपाय वापरात आलाय, गळ्यातल्या पट्ट्याचं कुंपण. त्याला व्हर्च्युअल फेन्सिंग म्हणजे आभासी कुंपण म्हणतात. मोबाईलवर याचे व्हिडिओ फिरतात, पण त्यात निम्मंच सांगितलेलं असतं, म्हणून थोडं सविस्तर.

झटका मशीन आपल्या सगळ्यांना माहीत आहे. जनावर तारेला लागलं की झटका. इथं तारच नसते. प्रत्येक जनावराच्या गळ्यात पट्टा, त्यात जीपीएस, छोटा स्पीकर आणि झटका देणारं यंत्र. मालक मोबाईलवर नकाशा उघडून बोटानं हद्द आखतो. गाय हद्दीजवळ आली की पट्टा आधी आवाज करतो. वळली तर विषय संपला. पुढंच चालत राहिली तर झटका बसतो, तोही तारेच्या झटक्यापेक्षा बराच हलका. काही दिवसांत बहुतेक जनावरं नुसत्या आवाजावर माघारी फिरायला शिकतात. बाहेर गेलेलं जनावर परत येत असेल तर त्याला ना आवाज, ना झटका.

ही कल्पना आधी 1970 च्या दशकात अमेरिकेत पाळीव कुत्र्यांसाठी निघाली. नॉर्वेच्या नोफेन्स कंपनीनं शेळ्यांपासून सुरुवात केली, त्यांचा पट्टा सौरऊर्जेवर चार्ज होतो आणि मोबाईल नेटवर्कवर चालतो. अमेरिकेतल्या व्हेन्स कंपनीच्या पद्धतीत डोंगरावर स्वतःचा टॉवर उभारावा लागतो. न्यूझीलंडमध्ये हॅल्टरचे पट्टे दुभत्या गाईंच्या गळ्यात आहेत.

खरा उपयोग दिसतो तो नैसर्गिक गवताच्या मोठ्या कुरणांवर. गुरांची सवय आपल्याला नवीन नाही: गोड गवत आधी, आणि सगळा मुक्काम पाणवठ्याजवळ. ओढ्याचा काठ तुडवून जातो, लांबचं गवत तसंच वाळतं. कोवळं गवत पुन्हा पुन्हा खाल्लं गेलं की मुळं कमजोर होतात, त्याला विश्रांती लागते.

अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, बर्न्स गावाकडच्या कोरड्या माळावर, मूळचं गवत झुपक्यानं वाढतं. त्यात चीटग्रास नावाचं परकं गवत घुसलंय. ते लवकर वाळतं आणि वणव्याला आयतं सरपण मिळतं. वणवा झाला की त्या सरकारी जमिनीवर साधारण दोन हंगाम चराई थांबवतात. अडचण अशी, की जळालेल्या तुकड्याभोवती कुंपण नसतं. त्यामुळे एक कोपरा जळाला तरी अख्खं कुरण बंद, आणि पशुपालकानं गुरं न्यायची कुठं? तिथल्या संशोधकांनी पट्टे लावून फक्त जळालेला भाग बंद करून पाहिला. गाई बहुतांश बाहेरच राहिल्या. उलटाही प्रयोग झाला: अरुंद पट्टीत गाई ठेवून गवत खाऊ घालायचं, म्हणजे आगीला आडवी मोकळी जागा तयार होते. भाकड गाई हद्दीत राहिल्या, पण वासरांच्या आया जास्त बाहेर पडल्या. सहसा वासराला पट्टा नसतो, ते कुठंही जातं आणि आई मागं जाते. (हे कुठल्याही गुराख्यानं न शिकता सांगितलं असतं!)

काटेरी तार नसल्यानं वन्यप्राणीही वाचतात. तिकडचं प्रॉन्गहॉर्न नावाचं हरणासारखं जनावर सहसा उडी मारत नाही, तारेखालून सरपटतं आणि ओरबाडून निघतं.

आता उणिवा. जीपीएस काही मीटर चुकतं, म्हणून डांबरी रस्ता, रेल्वे किंवा शेजाऱ्याचं उभं पीक याच्या भरवशावर सोडू नये. तिथं खरं कुंपणच पाहिजे. बॅटरी संपते, पट्टा निसटतो, एखादं जनावर झटक्यालाही जुमानत नाही. आखलेल्या हद्दीत पाणी हवंच.

आपल्याकडे? हिवरे बाजारनं चराईबंदी केली ती गावानं एकत्र ठरवून, गवत कापून न्यायचं. गायरानावर वीस घरांची गुरं एकत्र चरतात. निम्म्यांनाच पट्टे असतील तर बाकीची बंद केलेल्या तुकड्यात खुशाल जाणार. त्यामुळे माझ्या मते एकट्या शेतकऱ्यानं खर्च करण्याआधी गावातल्या सगळ्या गुरांचा हिशोब बघावा. आणि पट्टा मोबाईल नेटवर्कवरचा असेल तर आधी माळावर जाऊन रेंज तपासा. आमच्या माळावर एकाच टेकाडावर येते, तीही वारा पडला की जाते.